माझा तडा सगळ्यांनी पाहिला

मित्रांनो, जरा थांबा. पुढे पाऊल टाकायच्या आधी माझे ऐका. मी नदीवरचा एक जुना लोखंडी पूल आहे. गाड्यांचा नव्हे, फक्त पायी चालणाऱ्यांचा. माझ्या एका टोकाला शाळा, दवाखाना आणि बाजार आहे. दुसऱ्या टोकाला वस्ती आहे, दाटीवाटीची, एकमेकांच्या खिडकीत डोकावणारी. या दोन काठांना जोडणे एवढेच माझे काम, आणि ते मी आयुष्यभर केले. आता माझ्या दोन्ही तोंडांशी पत्रे ठोकले आहेत. माझे भाग सुटे करायला माणसे येणार आहेत. त्याआधी माझ्यावर काय ओढवले होते ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म भट्टीच्या धगीत झाला. एक कामगार लालभडक तापलेले रिव्हेट चिमट्याने उडवायचा, दुसरा ते पत्र्याच्या डब्यात झेलायचा आणि ते निवायच्या आत तिसरा हातोड्याने माझ्या अंगात बसवायचा. दिवसभर ठोके घुमत. लोक कानांवर हात ठेवत, पण तक्रार कोणी करत नसे. माझ्याआधी इथे नाव चालायची. पाण्याला ओढ असली की पलीकडे गेलेले माणूस परत येईपर्यंत घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. मी उभा राहिलो तेव्हा माझी परीक्षा घ्यायला माझ्यावर वाळूची पोती रचली. मी कुरकुरलोसुद्धा नाही. मुख्य अभियंत्याने कठड्यावर थाप मारली आणि म्हणाला, "गडी दमदार आहे!" त्या एका शाबासकीवर मी कितीतरी वर्षे काढली.

मी माणसे पायांवरून ओळखायला शिकलो. शाळेला उशीर झालेली पावले, परीक्षेचा निकाल लपवून चालणारी पावले, बाळ झोपले असेल तर टाचा न टेकता जाणारी आईची पावले. ठरलेल्या वेळी रंगारी येत. ते आधी माझा गंज खरवडत, मग रंगाचे हात देत. काम करता करता ते मला ठोकून बघत, सैल बोल्ट आवळत. नवा रंग लागला की आठवडाभर मुलांच्या चड्ड्यांना हिरवे डाग पडत आणि घरोघरी माझ्या नावाने शंख होई.

पुढे कारभार बदलला. नदीचा हा काठ एका कार्यालयाकडे गेला, तो काठ दुसऱ्याकडे. मी मधोमध. पूल त्यांचा, असे हे म्हणत. पूल यांचा, असे ते म्हणत. रंगारी येईनासे झाले. माझे पापुद्रे निघू लागले. गंमत अशी की याच काळात माझे कौतुक वाढले. संध्याकाळी माझ्या जाळीतून ऊन तिरके पडते, ते टिपायला लांबलांबून लोक येऊ लागले. एक जण माझ्या सडलेल्या कठड्यावरून हात फिरवत म्हणाला, "काय सुंदर रंग चढलाय याला!" मित्रांनो, एखाद्याच्या अंगावर खरूज उठावी आणि बघणाऱ्याने नक्षी छान आहे म्हणावे, तसे मला वाटले.

आणि मग तडा गेला. शाळेकडच्या दगडी खांबाजवळ, चालायच्या पत्र्यांच्या खाली माझी एक आडवी तुळई आहे. वरून ती कोणाला दिसत नाही. मला मात्र ती रात्रंदिवस ठणकत होती.

शाळेतल्या चित्रकलेच्या बाई वस्तीत राहत. रोज माझ्यावरूनच ये-जा करत. एका दुपारी त्या माझे चित्र काढायला नदीच्या काठावर उतरल्या. मान वर करून रेघा ओढता ओढता त्यांचा हात थांबला. शाळा सुटली होती. मुले माझ्यावरून धावत होती आणि तुळईवरची ती काळी रेघ उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. बाईंनी फोन काढला.

"हा आमचा पूल," त्या चित्रण करता करता म्हणाल्या. "आमची मुलं यावरून शाळेत जातात. ही रेघ बघा. आता मुलं येतायत. बघा, उघडली. बघा, मिटली."

तो व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. मी कधी पाहिली नाहीत अशा गावांतल्या लोकांना माझी काळजी वाटू लागली. व्हिडिओखाली रडणारे चेहरे, लालबुंद चेहरे, जोडलेले हात अशा चित्रांचा पाऊस पडला. माझ्या तोंडाशी दुकान असलेले शिंपीकाका बाईंना म्हणाले, "अहो, माझ्या साडूनं मला पाठवला तुमचा व्हिडिओ! तो राहतो कुठं, पूल कुठं!"

माझा जीव भांड्यात पडला. आता कोणीतरी येईल, असे मला वाटले. माणसे आली ती नेहमीचीच. ती माझ्यावरून चालता चालता माझाच व्हिडिओ बघत होती. एक गृहस्थ तर नेमके त्या तुळईवर थांबले. "बाप रे," ते स्वतःशीच म्हणाले, "किती भयंकर आहे हे!" त्यांनी तो आणखी कोणाला तरी पाठवला आणि शेजारून जाणाऱ्या गर्दीला वाट द्यायला ते कठड्याला टेकले.

बाई दोन्ही कार्यालयांत जाऊन आल्या. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या तेव्हा शिंपीकाकांनी विचारले, "काय म्हणाले?"

"व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. एका साहेबांनी तर स्वतः पुढं पाठवलाय. म्हणाले, फार मोलाचं काम करताय, चालू ठेवा."

"आणि पूल कोण बघणार?"

"ते मात्र नाही सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून सांगू लागल्या, "गाड्यांच्या पुलावरून जा हो. थोडं लांब पडेल, पण यावरून नको." थोडे नव्हे, बरेच लांब पडत होते. म्हणूनच कोणी ऐकेना. एक बँकेतले बाबू घड्याळ बघत म्हणाले, "बाई, मी तुमच्याच बाजूचा आहे. काल माझ्या सगळ्या ग्रुपवर मीच टाकलाय तुमचा व्हिडिओ. आता सरका, उशीर होतोय." ते माझ्यावरून निघून गेले. रेघ उघडली. मिटली.

घरीही तीच गत. बाईंच्या सासूबाईंना डायलिसिससाठी पलीकडच्या दवाखान्यात जावे लागे. त्यांच्या काठीचा ठोका मी शंभर पावलांत ओळखायचो. त्या दिवशी माझ्या वस्तीकडच्या तोंडाशी सासू-सुनेची चांगलीच जुंपली.

"आई, आजपासून लांबच्या रस्त्यानं जायचं."

"मला? या पायांनी?" सासूबाई कडाडल्या. "तुझे ते लाखभर लोक आहेत ना फोनमध्ये, त्यातल्या एकाला सांग मला पाठुंगळी घ्यायला!"

सासूबाईंनी काठी उचलली, माझ्यावर टेकवली. मग सुनेच्या तोंडाकडे पाहिले. काठी मागे घेतली आणि धुसफुसत वळल्या. त्या दिवशी त्या लांबच्या वळशाने गेल्या, दोनदा बस बदलून. त्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता. त्यांना तो कसा उघडायचा हेही येत नव्हते. पण माझ्यासाठी स्वतःची वाट बदलणारे पहिले माणूस त्याच होत्या.

त्यानंतर उडीबहाद्दर आला. हे नाव त्याला शिंपीकाकांनी ठेवले. तो व्हिडिओ करून प्रसिद्ध झालेला तरुण होता. त्याच्याबरोबर निळी टोपी घातलेली एक मुलगी होती. तिला त्याने फोन देऊन खाली काठावर उभे केले आणि स्वतः बरोबर तड्याच्या वर येऊन उभा राहिला.

"नीट धर हं," तो कठड्यावरून ओरडला. "मी उडी मारतो, तेव्हा रेघ कशी उघडते ते आलं पाहिजे. लोकांना धक्का बसल्याशिवाय ते जागे होत नाहीत."

त्याने उडी मारली. माझ्या पाठीतून कळ गेली. त्याने पुन्हा उडी मारली. गंजाचा चुरा भुरभुर पाण्यात पडला.

"खाली ये!" निळी टोपी किंचाळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मिटत नाहीये ती! आधी खाली ये!"

"आलं का पण?"

"अरे, खाली ये म्हणतेय ना!"

तो आला आणि हसत फोनमध्ये डोके खुपसून निघून गेला. निळी टोपी मात्र वळून वळून माझ्याकडे बघत राहिली.

तो दुसरा व्हिडिओ बाईंच्या व्हिडिओपेक्षाही पुढे गेला. पण मित्रांनो, खोटे बोलणार नाही. त्याच गदारोळातून एक बाई खरेच माझ्यापर्यंत पोचल्या. लांबच्या शहरातल्या त्या निवृत्त अभियंता. आयुष्यभर त्यांनी पूल तपासले होते. मुलीने त्यांना व्हिडिओ पाठवला आणि त्यांनी त्यावर काही न लिहिता पिशवी भरली, गुडघ्याला पट्टा बांधला आणि बस पकडली. वस्तीतले लोक त्यांना पूलवाल्या मॅडम म्हणू लागले. त्या काठावर उतरल्या, विजेरीचा झोत टाकला, लहान हातोडीने मला ठोकत गेल्या. कितीतरी वर्षांनी मला कोणी तपासत होते. मला भडभडून आले.

वर येऊन त्यांनी चित्रकलेच्या बाईंना गाठले. "एकेकटं माणूस जपून गेलं तर कदाचित निभावेल. घोळका आला तर नाही निभावणार. आजच्या आज बंद व्हायला हवा हा."

"माझं कोण ऐकतंय?"

"तुमचं तर लाखो लोक ऐकतात म्हणे."

"बघतात, मॅडम. ऐकत नाहीत."

मॅडमनी दोन्ही कार्यालयांना लेखी कळवले, फोन लावले. कोणी रजेवर होते, कोणी बैठकीत. आणि तेवढ्यात उडीबहाद्दराने जाहीर केले की रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी यायचे आणि पूल वाचवण्यासाठी पुलावर मानवी साखळी करायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, हातात हात घालून. लोकांनी धडाधड 'येणार' म्हणून कळवले. बाईंनी त्याखाली पुन्हा पुन्हा लिहिले, पुलावर जाऊ नका, पूल पेलणार नाही. पण शाबासकीच्या ढिगात त्यांचे शब्द पार गाडले गेले. मला वाचवायला निघालेली माणसेच माझ्याबरोबर पाण्यात जाणार होती आणि मला वाचा नव्हती.

हे ऐकून सासूबाई उठल्या. फोनवर लिहिणे त्यांना जमणारे नव्हते. दारोदार जाणे जमणारे होते. शनिवारी त्या काठी टेकत वस्तीतल्या घराघरांत गेल्या. कोणाकडे चहा घेतला, कोणाला दरडावले, कोणाला लहानपणीच्या खोड्यांची आठवण करून दिली. रविवारी दुपारी वस्तीतल्या आयांनी माझ्या त्या तोंडाशी घरातली बाकडी आडवी टाकली आणि त्यावर ठाण मांडले. एक बाजू बंद झाली.

शाळेकडच्या बाजूने गर्दी येणार होती. तिथे चौघेच होते. बाई, मॅडम, शिंपीकाका आणि घडीची खुर्ची टाकून बरोबर मधोमध बसलेल्या सासूबाई.

लोक आले. मला वाटले होते त्याहून कितीतरी जास्त आले. चांगली माणसे होती ती. कोणी लेकरांना खांद्यावर घेऊन आले होते, कोणी फलक रंगवून. उडीबहाद्दर लवकर येऊन खुर्चीच्या बाजूने केव्हाच सटकला होता आणि तड्याच्या वर उभा राहून गर्दीचे चित्रण करत होता. "या, या!" तो हाका मारत होता.

"पुलावर जाऊ नका!" बाई ओरडल्या. "तडा याच बाजूला आहे!"

"आम्ही त्यासाठीच तर आलोय!" गर्दीतून कोणीतरी ओरडले आणि टाळ्या पडल्या.

सासूबाईंनी काठी आडवी धरली. "जायचं तर मला उचलून बाजूला ठेवा आणि जा. ठेवा की! हात लावा बघू!" पुढचे थबकले, पण मागच्यांना पुढे काय चालले आहे ते दिसत नव्हते. रेटा वाढला. खुर्ची कलली. शिंपीकाका खांबाला पाठ लावून हात पसरून उभे राहिले. तरीही काही जण त्यांच्या काखेखालून माझ्यावर आलेच. धप, धप, धप. मी सारे बळ एकवटले. मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही, नाहीतर त्या दिवशी फुटला असता.

तडाड्!

तुळई गेली. पत्रे खचले. माझ्यावर आलेले लोक किंकाळ्या फोडत मागे पळाले आणि माझ्या तोंडाशी पडले, उठले, गर्दीत घुसले. उडीबहाद्दर तेवढा राहिला. त्याच्या पायाखालचा पत्रा तिरका झाला होता. त्याने एका हाताने कठडा धरला होता. दुसऱ्या हातात अजून फोन होता. खाली पाणी होते.

गर्दीतून फोन वर आले. एक, दहा, शंभर. सगळे माझ्याकडे रोखलेले.

"खाली करा ते!" चित्रकलेच्या बाईंचा आवाज फाटला. "फोन ठेवा आणि हात द्या! हात द्या कुणीतरी!"

पहिला हात आला तो निळ्या टोपीवालीचा. ती गर्दीच्या कडेला उभी होती. माझ्यावर पाऊल टाकायला तिने सकाळीच नकार दिला होता. तिने बाईंचा हात धरला. तिचा हात शिंपीकाकांनी धरला. शिंपीकाकांना मागून कोणी धरले, त्याला आणखी कोणी. फोन एकेक करून खिशात गेले. दगडी खांबापासून थेट रस्त्यापर्यंत माणसांची साखळी झाली, पक्क्या जमिनीवर.

"खांबाच्या पुढं कुणी पाऊल टाकायचं नाही," मॅडमनी बजावले. मग त्या शांतपणे त्याला म्हणाल्या, "बाळा, मधल्या पत्र्यावर भार देऊ नकोस. कडेची जाड तुळई आहे, तिच्यावर पाय ठेव. दोन्ही हातांनी कठडा धर."

"लोक बघतायत," तो काहीतरीच बोलला. भीतीने त्याला काही सुचत नव्हते.

"बघू देत. तू चाल."

त्याने फोन सोडला. दोन्ही हातांनी मला धरले. एक पाऊल. मी श्वास रोखला. दुसरे पाऊल. कठड्याचा एक गज माझ्यातून निखळला आणि खाली गेला. तिसरे पाऊल टाकताना त्याचा पाय सरकला, आणि त्याच वेळी बाई कंबरेतून वाकल्या आणि त्यांनी त्याचे मनगट पकडले. "ओढा!" सगळी साखळी मागे झुकली. तो जमिनीवर आला आणि सासूबाईंच्या खुर्चीपाशी बसकण मारून लहान मुलासारखा रडू लागला.

"रडून घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि पाणी पी."

त्याच्या सुटकेचा व्हिडिओ माझ्या तड्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला, असे नंतर कानावर आले. मागे राहिलेल्या कोणीतरी तो काढलाच होता. उडीबहाद्दर पुन्हा इकडे फिरकला नाही. त्याला धास्ती बसली असेल. मी त्याला दोष देत नाही.

साखळीतले पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी माझी दोन्ही तोंडे अडवून धरली. काही पालक रोज सकाळी दोन्ही कार्यालयांत जाऊन बाकांवर बसू लागले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसते बसायचे आणि साहेब आले की उठून विचारायचे. शेवटी हुकूम निघाला. पूल कायमचा बंद. नवा होईपर्यंत वस्तीतून शाळेकडे आणि दवाखान्याकडे बस. सासूबाईंना आता दोनदा बदलावी लागत नाही.

पण नुसत्या पत्र्यांनी माणसे थांबत नाहीत. लांबच्या वळशाचा कंटाळा येतो आणि पत्रे उचकटले जातात. म्हणून लोकांनी माझ्या तोंडांशी राखणीच्या पाळ्या लावल्या. त्यासाठी फोनवर एक गट केला आणि त्याचा नियम सासूबाईंनी घालून दिला, "ज्यानं जाऊन पाहिलं त्यानंच लिहायचं." सुरुवातीला पाळ्यांना माणसे पुरून उरत. मग कोणाला पाहुणे आले, कोणाला बरे नव्हते. गट शांत झाला.

आज सकाळची गोष्ट सांगतो. पाळीवर कोणी आले नाही. वस्तीकडचा एक पत्रा खालून उचकटलेला होता. एक बाबा आपल्या लहान मुलीला घेऊन आले, इकडेतिकडे पाहिले आणि पत्रा वाकवून तिला आत सरकवू लागले. तिचा एक बूट माझ्यावर आला. मी ओरडू शकत नव्हतो. दुसरा बूट आला.

"थांबा!" रस्त्यावरून कोणीतरी पळत येत होते. निळी टोपी. केस विंचरलेले नाहीत, पायात दोन वेगवेगळ्या चपला. तिने मुलीला काखेत हात घालून मागे ओढले आणि स्वतः फटीत उभी राहिली.

"एकदाच जाऊ द्या," बाबा काकुळतीला आले. "परीक्षा आहे तिची. बस चुकली. आम्ही दोघंच तर आहोत, कडेकडेनं हळू जातो."

"नाही."

"अहो, आम्हालाही माहितेय सगळं. व्हिडिओ पाहिलाय आम्ही."

"तुम्ही फोनमध्ये पाहिलाय," ती धापा टाकत म्हणाली. "मी खालून पाहिलाय."

बाबांनी पत्र्यावरचा हात काढला आणि विचारले, "तुमची पाळी होती का आज?"

"नाही. पण गटावर कुणीच काही लिहिलं नव्हतं." तिने दगडाने खिळा ठोकून पत्रा बसवला, मुलीचा हात धरला. "चल, पुढच्या थांब्यावर बस गाठू. पळता येतं ना?"

त्या दोघी पळत सुटल्या. मागून दप्तर सावरत बाबा.

मित्रांनो, उद्या-परवा माझे तुकडे होतील. त्याचे मला दुःख नाही. माझ्यासाठी हळहळलात, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. माझ्यासारखे आणखी कोणी तुमच्या आसपास असेल. मोडकळीला आलेला जिना असेल, उघडी विहीर असेल, एकटे पडलेले माणूस असेल. त्याची बातमी जगाला जरूर द्या. त्या बातमीनेच मॅडम माझ्यापर्यंत आल्या. पण बातमी दिली की काम झाले, असे समजू नका.

फोन ठेवा, आणि चपला घाला.